पाय बरा आहे

फार मागची गोष्ट. तेव्हाच्या राजाचं नाव मला विचारू नका, मलाही ते कुणी सांगितलेलं नाही. त्याचा हत्तीखाना मात्र मला तोंडपाठ आहे, कारण आमच्याकडची म्हातारी माणसं त्याच्याबद्दल बोलायला लागली की जेवायचंसुद्धा विसरायची.

नदीकाठी होता तो. पहाटे हत्ती पाण्यात आडवे व्हायचे आणि त्यांचे तळवे विटेच्या तुकड्यानं घासले जायचे. घासणारा माणूस सगळ्यांत खालचा, सगळ्यांत कमी मानाचा. पण तिथली रीत अशी होती की, त्यानं ‘पाय बरा आहे’ असं मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्या हत्तीवर कुणी चढायचं नाही. माहूत नाही, दरोगा नाही, खुद्द राजाही नाही! कारण सरळ होतं. रोज पाय हातात घेणारा तोच एकटा.

मग सगळे काठावर भाकऱ्यांची फडकी सोडून बसायचे. हत्तीखान्याचा प्रमुख म्हणजे दरोगा, तोही त्यांच्यातच मांडी घालून. कुणाचा हत्ती चिडका झालाय, कुणी अंकुश जास्त चालवतोय, सगळं तोंडावर बोललं जायचं आणि तिथंच मिटायचं. काय दिवस होते हो ते! दरोग्याची चूक काढून त्याच्याच भाकरीवरची चटणी उचलणारी माणसं होती ती.

त्यांच्यात सोनाप्पा नावाचा एक माहूत होता. हत्ती चांगला हाकायचा, बोलायचा त्याहून चांगलं. त्याला दरोग्याचा नायब व्हायचं होतं. संध्याकाळी तो दरोग्याच्या ओसरीवर जाऊन बसू लागला. सकाळी काठावर कोण काय म्हणालं, ते तिखटमीठ लावून सांगू लागला. एक दिवस हळूच म्हणाला, “कारभार सगळा तुमचा, आणि हुकूम चालतो पाय घासणाऱ्याचा. बाहेर लोक हसतात, साहेब.”

दरोगा मुळात भला माणूस. पण लोक आपल्याला हसतात हे भल्या माणसालाही ऐकवत नाही. त्यानं काठावर बसणं सोडलं. पायाचं काय असेल ते घासणाऱ्यानं सोनाप्पाला सांगावं, सोनाप्पानं दरोग्याला, असा नवा नियम काढला; मोठ्यानं ‘पाय बरा आहे’ म्हणणं उरलं ते नुसतं स्वारीपुरतं. दसऱ्याची स्वारी नीट पार पडली की नायबकी तुझी, असा शब्दही देऊन बसला.

मग काय! खालून ‘तळवा फुटलाय’ असं निघालेलं बोलणं वर पोचेपर्यंत ‘ठणठणीत आहे’ असं व्हायला लागलं. काठावरची माणसं भाकरी खाऊन गुपचूप उठायला लागली. आपलं बोलणं कोण ओसरीवर नेऊन पोचवील याचा नेम राहिला नव्हता.

दसरा चार दिवसांवर आला. राजाच्या अंबारीचा मान चंपा हत्तिणीचा. तिचे पाय तीस वर्षं हैबती घासत होता. त्या सकाळी तिच्या पुढच्या डाव्या तळव्यात त्याला खोल चीर दिसली, आत पू झालेला. अंबारीचं ओझं घेऊन ही फरसबंदीवरून चालली तर जन्माची अधू होणार, हे त्यानं ओळखलं आणि सोनाप्पाला सांगितलं.

सोनाप्पा म्हणाला, “दुसऱ्या कुठल्या हत्तिणीला अंबारीची सवय नाही. चंपा गेली नाही तर माझी नायबकी गेली. तू नुसतं ‘बरा आहे’ म्हण.”

“नाही म्हणणार,” हैबती म्हणाला. “पाय माझ्या हातात आहे.”

त्याच दिवशी सोनाप्पानं दरोग्याचा हुकूम म्हणून त्याला घरी पाठवलं. काठावर वीसजण होते. सगळ्यांनी ऐकलं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. दसऱ्याला एका नवख्या माणसानं पायाकडे न बघताच ‘पाय बरा आहे’ असं म्हणून टाकलं.

स्वारी निघाली. पेठेच्या मध्यावर चंपा थांबली, एकदा जिवाच्या आकांतानं ओरडली आणि अंबारीसकट खाली बसली. राजाला खरचटलंही नाही, पण मागे फरसबंदीवर रक्ताचे ठसे उमटले होते. हिचा पाय कुणी पाहिला होता, असं राजानं विचारलं. नवखा सोनाप्पाकडे बघू लागला, सोनाप्पा नवख्याकडे. दरोग्यानं मान खाली घातली. वर्षभरात तो काठावर फिरकलाच नव्हता.

सोनाप्पाला राजानं हाकललं, हे काही सांगायला नको. पण त्यानं चंपाचा पाय थोडाच बरा होणार होता? दरोगा दरबारी पागोट्यानिशी तसाच हैबतीच्या झोपडीत गेला. त्याला रडू आवरेना. म्हणाला, “हैबती, तीस वर्षं आपण शेजारी बसून जेवलो. सरळ माझ्याकडे का नाही आलास?”

हैबती म्हणाला, “आलो होतो, साहेब. तीनदा आलो. तिन्ही वेळा तुमच्या ओसरीवर सोनाप्पा बसलेला होता.”

हैबती कामावर परत आला, जुनी रीतही परत आली. चंपा मात्र उरलेलं आयुष्य लंगडत राहिली. आणि काठावर न्याहारीला बसलेली माणसं बोलण्याआधी एकदा आजूबाजूला बघायची, ती सवय काही त्यांची सुटली नाही. ती जुनी सकाळ पुन्हा कुणाला दिसली नाही, असं आमची म्हातारी माणसं सांगत.

तर लहानथोर मंडळींनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या अधिकाऱ्याच्या दारात एकच माणूस बसलेला असतो, त्याच्यापर्यंत खरी गोष्ट कधी पोचत नाही.