डावा कान

"डावा कुठला?" उस्तादांनी विचारलं.

सुकुमारला हसू आलं. "उस्ताद, हेडफोनवर लिहिलंय की."

"लिहिलेलं मला दिसतंय. मी आतल्या वायरीचं विचारतोय."

सुकुमारनं हेडफोन टेबलावर ठेवला. चांगला आवळून झालेला प्लग, बाहेर गिऱ्हाईक बसलेलं, आणि म्हाताऱ्याला आत्ताच पाठ घ्यायची हुक्की आली होती.

मिरजेत दुरुस्तीच्या कामात दस्तगीर उस्तादांचं नाव रेडिओच्या जमान्यापासून होतं. हात अजून स्थिर होता, पण डावा कान तरुणपणीच्या एका तापात गेला तो गेलाच. उस्तादांशी बोलायचं तर उजव्या अंगाला बसायचं, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

सुकुमार मगदूम त्यांचा शिष्य. केसाएवढ्या वायरीवर कथलाचा थेंब बसवावा तर त्यानंच. ही गोष्ट त्याला स्वतःलाही ठाऊक होती, जरा जास्तच. जयसिंगपूरला दुकानासाठी गाळा बघून ठेवला होता. घोडं अडलं होतं ते उस्तादांच्या होकारापाशी. विचारलं की एकच उत्तर मिळे.

"अजून नाही."

एका कानाच्या माणसानं हेडफोन शिकवायचे, आणि वर परीक्षाही घ्यायच्या! सुकुमार हे मनातल्या मनात म्हणे. तोंडावर म्हणायची छाती नव्हती.

हा हेडफोन घोरपडे डॉक्टरीणबाईंचा. शाळाशाळांत जाऊन त्या पोरांचे कान तपासायच्या. हेडफोन लावायचा, एकेका कानात बारीक शिट्टी सोडायची, ऐकू आली की पोरानं हात वर करायचा. जो कान कमी ऐकतो त्याला देणगीतून आलेलं ऐकायचं यंत्र बसवायचं.

गेल्या आठवड्यात वायर प्लगपाशी तुटली आणि सुकुमारनं नवा प्लग लावून दिला. उस्ताद त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेले होते. आज प्लगची टोपी सैल झाली म्हणून बाई परत आल्या होत्या. काम ते केवढं!

"बोल की. डावा कुठला?"

"लाल वायर उजवी, दुसरी डावी. शेंबडं पोरही सांगेल."

"ऐकून बघितलंस?"

"गाणं लावून बघितलं. दोन्हीकडं खणखणीत."

"दोन्हीकडं..." उस्ताद पुटपुटले.

बाहेर बाकावर बाई चहा पीत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आटपा हं, सुकुमार. त्या रेशमाच्या घरी जायचंय मला."

"कोण रेशमा?" उस्तादांनी दाराशी जाऊन विचारलं.

"चौथीतली पोर आहे. उजव्या कानाला यंत्र बसवलं, तर सारखं उपटून टाकते. दुखतंय म्हणते. या कानानं मला येतं की ऐकू, म्हणते. तपासणीत तर उजवीकडं काही म्हणजे काही आलं नव्हतं. काल आईनं दोन रट्टे दिले, एवढं चांगलं यंत्र फेकतेस म्हणून. मीही ओरडले. हट्टी आहे हो फार."

उस्ताद आत आले. खुर्चीत बसले. हेडफोन उचलून त्यांनी नीट कानांवर चढवला, डावा डावीकडं, उजवा उजवीकडं.

"मोबाइल लाव. आवाज नुसता डावीकडं सोड."

डावा कान मेलेला माणूस डावीकडचा आवाज ऐकणार! सुकुमारनं ओठ चावून हसू दाबलं, सेटिंगमध्ये आवाजाचा काटा पार डावीकडं सरकवला आणि शिट्टी सुरू केली.

उस्तादांनी डोळे मिटले.

मग हळूच, शाळेतल्या पोरानं करावा तसा, हात वर केला.

"काय झालं, उस्ताद?"

"वाजतंय."

...



सुकुमारनं हेडफोन जवळजवळ ओढूनच घेतला आणि स्वतःच्या कानांना लावला. शिट्टी उजव्या कानात वाजत होती. अगदी खणखणीत.

टोपी उघडली. सोल्डरिंग झकास होतं, दृष्ट लागावी असं. फक्त हा हेडफोन बनवणाऱ्यानं लाल वायर डावीकडं दिली होती. सुकुमारनं रंगावर भरवसा ठेवला होता, कानाला विचारलंच नव्हतं. शिट्टी उजवीकडची म्हणून सुटत होती आणि वाजत होती डाव्या कानात.

त्या पोरीचा उजवा कान धडधाकट होता. त्याच कानात यंत्र घातलं होतं. ती ओरडून सांगत होती, आणि तिनं मार खाल्ला होता.

"उस्ताद..." त्याचा आवाज कुजबुजीवर आला. "दोन मिनिटांचं काम आहे. वायरी उलटवून देतो. बाईंना कळायचंही नाही. पुढच्या तपासणीत सगळं आपोआप नीट येईल."



सुकुमारनं सोल्डरिंगचं आयर्न तापायला लावलं. जुने सांधे सोडवले. वायरीचं टोक नव्यानं कापलं, तांब्यावरचं लाखेचं पातळ अस्तर आयर्ननं जाळलं. धूर निघाला. कथलाचा थेंब धरला, सुटला, पुन्हा धरला. बोटं आज त्याची नव्हतीच.

शेवटी दोन्ही सांधे बसले. त्यानं घाम पुसला आणि प्लगची टोपी शोधायला लागला.

टोपी टेबलावरच होती. ती वायरीत आधी ओवायची असते. सांधे झाल्यावर ती जात नाही, झालेलं काम तोडून पहिल्यापासून करावं लागतं. ही चूक शिकाऊ पोरं करतात, तीही पहिल्या आठवड्यात.

त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

उस्तादांनी टोपी उचलली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"काहीतरी बोला की, उस्ताद. शिव्या तरी द्या!"

"आयर्न गरम आहे तोवर काम कर."

सुकुमारनं सांधे तोडले. टोपी ओवली. पुन्हा जाळलं, पुन्हा जोडलं. यावेळी उस्तादांना आधी हेडफोन दिला आणि शिट्टी डावीकडं सोडली.

उस्ताद बराच वेळ डोळे मिटून बसले.

"काही नाही," ते म्हणाले. "झालं."

सुकुमारनं टोपी आवळली, हेडफोन फडक्यानं पुसला आणि दारापर्यंत गेला. तिथं थांबला. बाई पर्स आवरून उठल्याच होत्या. हात पुढं केला की संपलं. जयसिंगपूरचा गाळा, दारावर आपलं नाव, सगळं शाबूत राहणार होतं. त्यानं मागं वळून पाहिलं.

"उस्ताद, काय करू?"

"तुझं काम आहे. तू करून दिलंस, तूच ठरव."

...

"बाई," सुकुमार म्हणाला. "गेल्या आठवड्यात मी वायरी उलट्या जोडल्या. डाव्याचं उजवीकडं गेलं. तुम्ही तपासलेल्या सगळ्या पोरांचं... उलटं निघालंय."

बाई पुन्हा बाकावर बसल्या.

"रेशमा..." एवढंच त्या म्हणाल्या.

मग उठल्या आणि असं काही सुनावलं की समोरचा पानवाला हातातलं पान विसरला. "पोरांचे कान आहेत हे, खेळणी नाहीत! तुमच्या हातात पुन्हा चिंधीसुद्धा देणार नाही. आणि हे मी सांगणार आहे, चार ठिकाणी सांगणार आहे!"

सुकुमारनं मान खाली घालून सगळं ऐकलं. त्यांनी गाडीला किल्ली लावली तेव्हा म्हणाला, "मी येतो. तिच्या आईला मीच सांगतो."

बाईंनी त्याच्याकडं रागानं पाहिलं, पण मागं बसू दिलं.

उन्हं कलल्यावर तो चालत परत आला. उस्ताद एकटेच होते. तो त्यांच्या उजव्या अंगाला बसला.

"यंत्र काढलं. बाकीच्या पोरांनाही उद्यापासून पुन्हा तपासणार आहेत."

"आई काय म्हणाली?"

"मला काही नाही म्हणाली. पोरीला मांडीवर घेतलं आणि तिचा कान चोळत बसली..."

सुकुमारचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

"उस्ताद, गाळ्याचं राहू दे. माझी लायकी नाही. मी इथंच बसतो, तुमच्यापाशी. पहिल्यापासून शिकतो."

उस्तादांनी आयर्नची वायर गुंडाळली आणि टेबल पुसलं.

"इथं आता तुझी जागा नाही, बेटा," ते म्हणाले. "जा, दुकान उघड."