रुमालाखालचा आवाज

एकदा एक हळदीचा आडत्या होता. शेतकऱ्यांचा माल आपल्या पेढीवर उतरवून घ्यायचा आणि खरेदीदारांना विकून द्यायचा, हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. त्या पेठेची रीतच अशी की सौद्यात कोणी तोंडाने भाव सांगत नसे. हातावर रुमाल पडे, रुमालाखाली खरेदीदार आणि आडत्या एकमेकांची बोटे दाबत आणि त्या दाबण्यावरून भाव ठरे. तीस वर्षे हा माणूस असा मुक्यानेच बोलला. समोरचा बोट सोडताना किंचित रेंगाळला, की याला कळे, गडी अजून वर चढणार आहे.

मग एके वर्षी पेठेने ठरवले, पाडव्यापासून सौदे उघड्यावर. आडत्याने ढिगाशी उभे राहून मालाचा गुण सांगायचा, बोली तोंडाने पुकारायची. असे चारचौघांत बोलणे आडत्याला कधी जमले नव्हते. दोन पिढ्या त्याच्या पेढीवर माल घालणारे बाळगोंडा पाटील एक दिवस पान लावता लावता म्हणाले, "शेठ, पाडव्याचा पहिला ढीग तुमच्याकडंच लावतो. पण तुम्हाला बोलता आलं नाही, तर पुढच्या खेपेला मला शेजारच्या पेढीची पायरी चढावी लागंल. राग मानू नका."

राग कसला मानणार? तोंडावर खरे सांगणारे गिऱ्हाईक नशिबाने मिळते.

गावात एक वृद्ध नट होते. रंगभूमी सोडून त्यांना बरीच वर्षे झाली होती. आता शाळेच्या सभागृहात सायंकाळी आवाजाचा आणि अभिनयाचा वर्ग घेत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आडत्याने तिथे नाव घातले. मास्तरांनी सर्वांना एकच वाक्य दिले होते. बारा वर्षांनी घरी परतलेला मुलगा बंद दाराबाहेर उभा आहे, आत आई आहे, आणि तो म्हणतो, "दार उघड. मी आलोय."

आडत्याने छाती भरून वाक्य टाकले. खिडकीतली कबुतरे उडाली.

वर्गाला येणाऱ्या, शाळेतल्याच एक शिक्षिका म्हणाल्या, "शेठ, ही आई दार नाही उघडायची. आतून आणखी एक कडी लावील."

सगळे हसले. तोही हसला, पण कानाच्या पाळ्या तापल्या. पंधरा दिवस त्याने घसा फोडला. ज्येष्ठमध चघळून जीभ गोड झाली, बोलणे काही गोड झाले नाही. पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा तो मास्तरांना म्हणाला, "माझ्या गळ्यात देवानं काही घातलंच नाही. उद्यापासून येत नाही."

मास्तरांनी आडत्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. "तोंड मिटा. ते वाक्य मला रुमालाखालून सांगा."

"मास्तर, रुमालाखालून भाव सांगतात."

"आज वाक्य सांगा. मी तुमची आई."

त्याला हा वेडेपणाच वाटला. पण वडीलधाऱ्याचा पुढे आलेला हात, नाही कसे म्हणावे? त्याने रुमालाखाली हात घातला. म्हाताऱ्याची बोटे थंड होती. प्रथम त्याने आपली बोटे नुसती टेकवली आणि थांबला. मग एकेक बोट हलके दाबत गेला, करंगळीशी घोटाळला, आणि शेवटी सगळा पंजाच घट्ट धरला. तो सोडवेना.

"हात तसाच असू द्या," मास्तर म्हणाले, "आणि आता तोंडाने म्हणा."

तो म्हणाला. आवाज लहानच होता. पण मागच्या बाकावर वही तपासत बसलेल्या शिक्षिकेची लेखणी थांबली.

तेव्हा मास्तर म्हणाले, "शेठ, इतके दिवस तुम्ही आवाज भिरकावत होता. रुमालाखाली कधी बोट भिरकावलंत? तिथं तुम्ही आधी समोरच्याचा हात जाणता, मग दाबता, कुठं थांबायचं ते त्याच्याच हाताला विचारता. ही तीस वर्षांची विद्या तुम्ही रोज चपलेसारखी दाराबाहेर काढून वर्गात येत होता. आवाज म्हणजे लांबवर पोचणारा हात. ऐकणाऱ्याला स्पर्श झाला पाहिजे, धक्का नव्हे."

पाडव्याला पेठ नुसती गर्जत होती. आडत्याने पाटलांच्या ढिगातले एक हळकुंड मोडून केशरी काप सर्वांना दाखवला. मग आपल्याच डाव्या हातावर रुमाल टाकला, त्याखाली उजवा हात घातला आणि म्हणाला, "ही पाटलांची हळद. रंग बघा." आणि थांबला. समोरच्या एका खरेदीदाराची नजर ढिगावरून निघता निघता किंचित रेंगाळली. ते रेंगाळणे त्याच्या ओळखीचे होते. पुढचे वाक्य त्याने त्या नजरेलाच सांगितले. त्याची बोली चढली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची.

सौदा पक्का झाला. बाळगोंडा पाटील गर्दीतून वाट काढत आले. "शेठ, मी मुद्दाम पार मागं जाऊन उभा होतो. तुम्ही वरडला न्हाईत, तरी समदं ऐकू आलं. उरलेल्या गाड्या कधी आणू?"

आडत्याने रुमाल बाजूला सारला आणि उत्तरादाखल पाटलांचा हात नुसता धरला.

"बरं," पाटील म्हणाले, "उद्या सकाळी आणतो."