हातमोजा नवरदेव

“नवरदेव आले!” असं म्हणत दूताने मखमली उशीवरचा हातमोजा पुढे केला.

चर्चच्या दारात नटून उभ्या असलेल्या आएलिसने मोज्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. रस्त्यावर कोणीच नव्हतं.

फ्रान्समधल्या वालक्रुआचा काउंट गोतरां लग्नाच्या बाबतीत फार व्यवहारी होता. पहिल्या लग्नात त्याने किल्ला मिळवला, दुसऱ्यात जंगल. दोन्ही बायका देवाघरी गेल्या. किल्ला आणि जंगल मात्र ठणठणीत राहिले. आता त्याला नदीवरचा पूल हवा होता आणि तो आएलिसच्या मालकीचा होता. स्वतः लढाईत गुंतल्यामुळे त्याने प्रथेप्रमाणे आपला हातमोजा पाठवला होता. मोज्याशी लग्न लागलं, की ते काउंटशीच लागलं!

“मला नाही करायचं हे लग्न,” आएलिस पुटपुटली.

तिला आईवडील नव्हते. तिचे पालक असलेले ड्यूक भडकले. “नकार दिलास तर उद्या त्याचं सैन्य आपल्या दारात येईल! मोज्याचा अपमान म्हणजे त्याचा अपमान!”

मागे धोबीण पेरीन उभी होती. आएलिसचे रडून भिजलेले उशीचे अभ्रे आठवडाभर तीच धूत होती. तिला राहवेना.

“सरकार, नकार न देता बाईसाहेबांना इथंच ठेवता आलं तर?”

“अस्सं?” ड्यूक खवचटपणे म्हणाले. “नकार द्यायचा नाही, लग्न अडवायचं नाही आणि पोरगी घरातून हलवायची नाही! दाखव करून. नाही जमलं, तर हिच्याबरोबर तूही जा काउंटचे कपडे धुवायला!”

पेरीनने आएलिसच्या हातातला पांढरा हातमोजा अलगद काढला आणि उशीवर काउंटच्या मोज्याशेजारी ठेवला.

“नवरी आली! पाद्रीबाबा, करा सुरुवात.”

दूत लालबुंद झाला. “हा काय पोरखेळ? मोज्याशी कोणी लग्न करतं का?”

“हेच तर आमच्या बाईसाहेब मघापासून म्हणतायत!”

लग्नाला जमलेल्या गर्दीत खसखस पिकली.

“अगं, काउंटसाहेबांचा मोजा म्हणजे खुद्द काउंटसाहेब!”

“मग बाईसाहेबांचा मोजा म्हणजे खुद्द बाईसाहेब. जपून न्या हं, थंडी सोसत नाही त्यांना.”

“आणि पूल?”

“दिला की!” पेरीनने काउंटच्या मोज्याला थोपटलं. “हे नवरदेव वाटेल तेव्हा चालत येऊ देत पुलावरून. कोणी अडवणार नाही!”

आता मात्र ड्यूकना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, “बोला दूतमहाशय! एकतर दोन्ही मोजे खरे, नाहीतर दोन्ही खोटे.”

दूताने काउंटचा मोजा उचलून खिशात घातला.

“पाहिलंत ना सगळ्यांनी?” ड्यूक म्हणाले. “नकार आम्ही दिला नाही, नवरदेवच निघाले! काउंटला सांगा, यायचं तर स्वतः ये. मग आएलिस म्हणेल ते होईल. आणि पेरीन, नदीकाठचं कुरण आजपासून तुझं. घाल कपडे वाळत!”

आएलिसने हसत आपला मोजा मागितला.

“थांबा बाईसाहेब,” पेरीन म्हणाली, “आधी धुऊन देते. नवऱ्याजवळ बसला होता!”