उठून दिसणारं स्टूल

हर्षला तायडेने पदव्युत्तर डिझाइनच्या प्रकल्पासाठी गुडघे दुखणाऱ्या माणसांकरता एक साधं लाकडी स्टूल बनवलं. “अगं, निदान रंग तरी झगझगीत दे! परीक्षक घैसास सरांना दिखाऊपणा लागतो,” मैत्रिणी काकुळतीला आल्या. पण ती हटून बसली. “माझं स्टूल असंच राहणार.”

परीक्षेच्या दिवशी घैसास सर शिपायाच्या खांद्यावर भार टाकत, कण्हत आले. हर्षलाने तेच स्टूल पुढे केलं. बसल्या बसल्या सरांनी तिचा अहवाल चाळला आणि त्यांचा पारा चढला. ताडकन उभे राहत ते कडाडले, “दोन वर्षं संशोधन केलंस म्हणे! मग यात उठून दिसतंय काय?”

“तुम्हीच की, सर!” हर्षला म्हणाली. “आणि तेही कुणाच्या खांद्याला हात न लावता.”