तीन हातांचं सिंहासन

एका राज्यात राजा जन्मत नसे, प्रजा त्याला निवडीत असे. दर सात वर्षांनी राजधानीच्या चौकात रांजण मांडले जात. ज्याच्या रांजणात निम्म्याहून अधिक खडे पडत, तो सिंहासनावर बसे.

पुढे असा काळ आला की कोणालाच निम्मे खडे पडेनात. डोंगरपट्टा आपले खडे सरदार भैरवसेनाला देई, नदीपट्टा मकरध्वजाला देई, रानपट्टा कुंतलादेवीला देई. तिघांपैकी एकही दुसऱ्याला राजा होऊ देईना. तेव्हा कालजिव्ह नावाचा मांत्रिक तीन पायांचं काळं सिंहासन घेऊन दरबारात आला. तो म्हणाला, "तुम्ही तिघं मिळून चौथ्याला यावर बसवा. भरल्या दरबारात तिघांचे हात याच्या पाठीवर असतील, तोवर राज्य चालेल."

तसं झालं. कालजिव्ह राजपुरोहित होऊन सिंहासनामागे उभा राहिला. त्यावर एकामागून एक बारा जण बसले. प्रत्येक जण वर्षा-दोन वर्षांत राज्य सोडून तीर्थाटनाला निघून गेला, असं प्रजेला सांगण्यात येई, आणि त्याच्या स्मरणार्थ दरबारात त्याची पाषाणमूर्ती उभी राही.

तेरावी निवडली गेली वसुमती. ही शेताच्या बांधांचे तंटे मिटवणारी बाई. मागे गोत नाही, हाताशी सैन्य नाही. म्हणूनच ती तिघांना चालली. प्रजेला मात्र ती मनापासून आवडली, कारण तिने कोणाच्याही बांधाची वीतभर माती इकडची तिकडे होऊ दिली नव्हती.

पहिल्याच महिन्यात भैरवसेन पुढे आला. "धान्यकोटाचा किल्लेदार माझा मेहुणा होईल. त्याच्या परवानगीवाचून कोठार उघडणार नाही."

"सरदार, तो माणूस त्या जागेला योग्य नाही," वसुमती म्हणाली.

भैरवसेनाने सिंहासनाच्या पाठीवरून हात उचलला. वसुमतीचा डावा पाय बोटांपासून घोट्यापर्यंत आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दगड झाला. तिने दरबाराकडे पाहिलं. सारे मानकरी जमिनीकडे पाहत होते. आपल्याला काय झालं आहे हे या सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते पहिल्यापासून ठाऊक होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. मागून कालजिव्ह हळूच म्हणाला, "आज्ञापत्रावर मुद्रा उठवा, राणीसाहेब. पाय परत येईल."

तिने मुद्रा उठवली. पाय परत आला.

मग मकरध्वज आला. नदीवर आपल्याच नावा चालाव्यात, इतरांच्या नावा फोडाव्यात, अशी त्याची मागणी. वसुमती एक दिवस आणि एक रात्र अडून राहिली. उजवा हात खांद्यापर्यंत दगड झाला, तेव्हा तिने डाव्या हाताने मुद्रा उठवली. मग कुंतलादेवी आली. रानाची वाट बंद व्हावी, आपल्या माणसांखेरीज कोणी पाला, साल, मुळी तोडू नये, हे तिचं म्हणणं. या वेळी वसुमतीने वादही घातला नाही. एवढ्याने राज्य टिकतं आहे, अशी तिने मनाची समजूत घातली.

पावसाळा सरला आणि एक म्हातारा नावाडी चार दिवस चालून दरबारात आला. त्याचं नाव रायनाक, गाव निंबारे.

"गावात ताप आला," तो म्हणाला. "तापावरची साल रानात मिळते. वाट बंद होती. आजाऱ्यांना पैलतीरी वैद्याकडे न्यावं, तर माझी नाव फोडलेली. पोरांना पेज तरी पाजावी म्हणून धान्यकोटावर गेलो, तर दार उघडलं नाही. एकतीस माणसं गेली. माझी सून गेली, तिचं तान्हं गेलं."

"हे कोणी केलं?" वसुमतीने विचारलं.

रायनाकाने कमरेला खोचलेले आज्ञापत्रांचे तीन कागद काढून तिच्यासमोर ठेवले. "तिन्हींवर तुझी मुद्रा आहे, बाई."

वसुमती कागदांकडे पाहत राहिली. अंगाचा कुठलाही भाग दगड झाला नव्हता, तरी तिला बोट हलवता येईना. तीन वेळा मुद्रा उठवताना तिने तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहिल्या होत्या. त्या तिन्ही एकाच गावावर एकदम जाऊन पडतील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. दरबार संपला, माणसं गेली, तरी ती तशीच बसून होती.

तेव्हा गवाक्षात एक भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि माणसासारखा बोलू लागला.

"वसुमती, या बारा मूर्ती कोणी घडवल्या, हे विचारलंस का कधी?"

ती उठून मूर्तींपाशी गेली. पहिल्या मूर्तीच्या पापण्यांना केस होते. दुसरीच्या नखांत माती होती. सातव्या मूर्तीचं तोंड उघडं होतं, आणि आत जीभ होती.

"कोणी तीर्थाला गेलं नाही," पक्षी म्हणाला. "भरल्या दरबारात तिघांनी एकदम हात उचलले की असं होतं."

"यातून सुटका कशाने होईल?"

"तीन घरांत एकटी जा. तिघांना एकच प्रश्न विचार, की हात उचलल्यावर तुझं काय होतं. उत्तर डोळ्यांनी पाहिल्यावाचून परतू नकोस. पुढचं तुझं तुला कळेल."

ती डोंगरपट्ट्यात गेली. भैरवसेन तिला पाहून हसला. मात्र प्रश्न ऐकताच त्याने दारं लावून घेतली आणि चिलखत उतरवलं. त्याची छाती काळा फत्तर होती.

"दर वेळी थोडी थोडी झाली," तो म्हणाला. "तुमचा पाय परत आला. माझं काही परत येत नाही."

"मग हात का उचलता?"

"मी नाही उचलला, तर ते दोघं उचलतील. माझी माणसं म्हणतील, भैरवसेनाला काही मिळवता आलं नाही."

नदीपट्ट्यात मकरध्वजाने पायावरचं वस्त्र बाजूला केलं. दोन्ही पोटऱ्या दगडाच्या होत्या. तो लाकडी कुबडीच्या आधाराने उभा राही आणि पायांवर लांब वस्त्र सोडी, म्हणून कोणाला दिसत नसे. रानपट्ट्यात कुंतलादेवीने शालीतून डावा हात बाहेर काढला. मनगटापासून बोटांपर्यंत तो शिळा झाला होता.

"माझ्या मुलीच्या डोक्यावरून हा हात फिरवला, तर ती दचकते," ती म्हणाली. "हे माझ्या एकटीचेच भोग आहेत ना?"

आता वसुमतीला कळलं. तिघंही एकमेकांना निर्धास्त समजत होती, आणि तिघंही एकमेकांना भीत होती.

राजधानीत पोचताच तिने सिंहासन चौकात आणवलं, जिथे रांजण मांडत तिथेच. दवंडी पिटवली. प्रजा लोटली. निंबारेची माणसं पुढे बसली. वसुमती सिंहासनावर बसली, तिन्ही सरदार त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. कालजिव्ह मागे होता.

वसुमतीने तिन्ही आज्ञापत्रं वर धरली आणि फाडली.

"यांवर मुद्रा माझी होती," ती म्हणाली. "एकतीस माणसं माझ्या मुद्रेने गेली."

तिन्ही हात एकदम उचलले गेले. तिचे पाय दगड झाले. गुडघे झाले, मांड्या झाल्या. चौकातल्या माणसांनी हे कधी पाहिलं नव्हतं. हजारो माणसं श्वास रोखून उभी होती, आणि दगड चढतानाचा चरचर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता.

"भैरवसेन, चिलखत काढा," ती म्हणाली. "मकरध्वज, वस्त्र बाजूला करा. कुंतलादेवी, शाल काढा. मी एकेकट्याचं पाहिलं आहे. आता तुम्ही एकमेकांचं पाहा."

कोणी हललं नाही. दगड कमरेला आला, छातीला आला. "बोलू नका, राणीसाहेब, दम राखा," कालजिव्ह म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा घाई होती. दगड गळ्याशी पोचला.

कुंतलादेवीने शाल टाकली.

भैरवसेनाने तिच्या हाताकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने चिलखताचे बंद तोडले. मकरध्वज त्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला आणि मग खाली बसून त्याने पाय उघडे केले.

"तुम्हालाही?" तो एवढंच म्हणाला.

कुंतलादेवी पुढे झाली. तो शिळेचा हात तिने सिंहासनाच्या पाठीवर ठेवला. "मला काही नको," ती म्हणाली. तसंच म्हणत भैरवसेनाने ठेवला, मकरध्वजाने ठेवला. काही न मागता ठेवलेला हात त्या सिंहासनाला आजवर लागला नव्हता. ते मधोमध तडकलं. कालजिव्ह जागच्या जागी चुन्याचा ढीग झाला. वसुमतीचा देह मोकळा झाला, सरदारांची छाती, पोटऱ्या, हात जिवंत झाले, आणि दरबारातून बारा माणसं डोळे चोळत बाहेर आली.

वसुमती रायनाकासमोर उभी राहिली. "मी पद सोडते. त्या एकतीस जणांपुढे मला बसवत नाही."

म्हातारा तिच्याकडे रोखून पाहत राहिला. "सोडून मोकळी होशील. गावात अजून चाळीस माणसं तापात पडली आहेत. आधी वाट उघड."

वाट त्याच घटकेला उघडली. कोठार उघडलं, नावा सोडल्या. वसुमती स्वतः निंबारेला चालत गेली. वेशीवर कोणी स्वागताला आलं नाही, कोणी नमस्कार केला नाही. ती एकतीस मातीच्या ढिगांपाशी बराच वेळ उभी होती. एका अंगणात एक बाई उखळापाशी साल कुटत होती. तिने वर पाहिलं, राणीला ओळखलं आणि दुसरं मुसळ तिच्याकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "कुटायला माणूस कमी आहे."

वसुमती बसली. नवव्या दिवशी गावातला ताप उतरला. पुढे त्या राज्यात तीन पट्ट्यांचे तिघं आणि चौथी वसुमती साध्या घोंगडीवर बसून कारभार करू लागली. भांडणं होत, दिवस दिवस चालत, आणि ती चौकात, सगळ्यांदेखत होत. त्या एकतीस जणांखेरीज बाकी सारी माणसं आपापल्या घरी सुखाने नांदली.