उन्हाईच्या कुंडाची आणि कच्च्या शिताची कहाणी

ऐका उन्हाईमाते, तुझी कहाणी. डोंगरांच्या आड एक आटपाट गाव होतं. गावाच्या वर खिंड, खिंडीच्या वर रान, रानाच्या वर उन्हाईचं कुंड. तिथं पाणी विस्तवावाचून उकळे. वाफ अशी दाटे की आपला हात आपल्याला दिसू नये. माणूस सहसा तिकडं फिरकेना.

त्या गावात आवडी नावाची एक सून होती. जन्माची भित्री. पाल चुकचुकली की दचके, वाऱ्यानं कडी हलली की दचके, स्वतःच्या शिंकेनंसुद्धा दचके. घरात म्हातारी सासू, तिला ती आत्याबाई म्हणे. एक पाच वर्षांची लेक, तिचं नाव सोनकी. नवरा गलबतावर गेलेला.

पौष लागला. सोनकीला ताप आला. ताप उतरला, पण पावलं गार पडली. शेकली, तेल चोळलं, घोंगडीत गुंडाळली. ऊब येईना. पोर उभी राहीना. मग सासू म्हणाली, "आवडे, आता उन्हाईचा वसा घे."

"तो वसा कसा घ्यावा, आत्याबाई?"

"तीन मंगळवार कुंडावर जावं. एकटीनं जावं, भर दुपारी जावं. मूठभर नवे तांदूळ फडक्यात बांधावे, पुरचुंडीला दोरी लावावी, कुंडात सोडावी. भात शिजेपर्यंत काठ सोडू नये. पहिला घास वाटेत भेटेल त्याला द्यावा, दुसरा लेकराला द्यावा, तिसरा आपण घ्यावा. उतू नये, मातू नये, कच्चं शीत उचलू नये."

"एकटीनंच का हो?" आवडीनं विचारलं.

"मग काय वाजंत्री लावू?" सासू म्हणाली.

पहिला मंगळवार आला. आवडी निघाली. खिंड ओलांडली, रान ओलांडलं. पायाखाली पान वाजलं तर ती थांबे, ती थांबली की पानही थांबे. कुंडाशी पोचली. पुरचुंडी सोडली. दोरी धरून बसली. दुपार टळटळीत, पाखरू बोलेना. मग पाण्याच्या तळातून आवाज आला, गुड्, गुड्, गुड्. कुणीतरी खाली निजलंय आणि कूस बदलतंय, असं तिला वाटलं. तिनं दोरी ओढली आणि धूम ठोकली. खिंडीत येऊन पुरचुंडी सोडून पाहते, तर तांदूळ कच्चे. आता घरी काय सांगू? मागल्या दारानं आली, चुलीवर हळूच भात शिजवला, सासूपुढं ठेवला. म्हणाली, "शिजला हो कुंडात."

सासूनं एक शीत बोटानं दाबलं. नाकाशी नेलं. मग म्हणाली, "बरं."

पोरीनं घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी गारठा गुडघ्यापर्यंत चढला.

दुसरा मंगळवार आला. आवडी गेली, पुरचुंडी सोडली. पाणी गुडगुडलं, ती बसून राहिली. मग वाफेतून हाक आली, "कोण गं तिथं?" माणसाचा आवाज, पण माणूस दिसेना. आवडीच्या अंगावर काटा आला. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा पळाली. भात वरून मऊ, आत कणी. पुन्हा मागलं दार, पुन्हा चूल, पुन्हा "शिजला हो कुंडात." सासूनं शीत दाबलं, नाकाशी नेलं, पुन्हा म्हणाली, "बरं."

गारठा कमरेपर्यंत चढला. भाकरी भाजे ती मधे कच्ची राही. विरजण लावी ते लागेना. सोनकी म्हणे, "आई, माझे पाय कुठं गेले?"

तिसऱ्या मंगळवारी सकाळी पोरीचं पोट गार लागलं. गारठा आता काळजाकडे निघाला. आवडीनं सासूचे पाय धरले. "आत्याबाई, मी खोटं बोलले. मी दोनदा पळाले. भात चुलीवर शिजवला."

सासू म्हणाली, "मला ठाऊक आहे. कुंडाच्या भाताला गंधकाचा वास येतो. तुझ्या भाताला धुराचा आला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

म्हातारीनं तोंड फिरवलं. "कुठल्या तोंडानं बोलू? तुझा एक थोरला दीर होता. तीन वर्षांचा. त्याच्यासाठी मीही वसा घेतला होता. मीही धुराचाच भात आणला. तिन्ही वेळा."

आवडीनं तांदूळ बांधले. कुंडावर गेली. पुरचुंडी सोडली. दोरीचं दुसरं टोक काठच्या झाडाला बांधलं, आपला पदरही त्याच झाडाला बांधला, सात गाठी मारल्या. पळू म्हटलं तरी पळता येऊ नये.

पाणी गुडगुडलं. हाक आली. मग वाफ फाटली आणि एक म्हातारी बाहेर आली. अंग लालभडक, केसांतून वाफ निघतेय, डोळ्यांत पापणी नाही. म्हणाली, "पाठ चोळ माझी."

आवडीचे दात वाजू लागले. तरी हात पुढं केला. पाठ तव्यासारखी तापलेली.

"भितेस का गं?"

"भिते, आजी. फार भिते."

"मग पळ की."

"पदर बांधलाय."

म्हातारी खुदकन हसली. ते हसणं ऐकून आवडी आणखीच भ्याली. "भात शिजला का?"

आवडीनं पुरचुंडी वर ओढून शीत दाबलं. "नाही आजी, कच्चा आहे."

थोड्या वेळानं, "शिजला का? शिजला म्हण आणि सूट. कोण बघतंय इथं?"

"नाही आजी. आत कणी आहे."

पाण्यातून धूड वर आल्यासारखी उसळी आली. आवडी किंचाळली, पण काठ सोडला नाही. म्हातारीनं तिसऱ्यांदा विचारलं, "शिजला का?"

शीत मऊ दबलं. "शिजला."

पहिला घास म्हातारीला दिला. म्हातारीनं चाटूनपुसून खाल्ला आणि वाफेत वाफ झाली. पदराच्या साती गाठी आपोआप सुटल्या. तळहातांवर फोड आले होते.

आवडी पुढल्या दारानं घरी आली. सासूनं शीत नाकाशी नेलं आणि ढसढसा रडली. दुसरा घास सोनकीला भरवला. आवडीनं फोडांच्या हातांनी पोरीची पावलं धरली. पोर ओरडली, "आई, भाजतंय!" आणि पाय झाडून उभी राहिली.

तिसरा घास आवडीचा. तो तिनं सासूच्या हातावर ठेवला. "आत्याबाई, हा थोरल्या भावोजींचा." सासूनं तो तुळशीपाशी ठेवला, आणि कित्येक वर्षांनी लेकाला नावानं हाक मारली.

आवडीची भीती गेली का? नाही गेली. ती अजून पालीला दचकते. उन्हाईनं भीती मागितली नव्हती, शिजलेला भात मागितला होता.

जशी उन्हाई भित्र्या आवडीला पावली, तशी तुम्हांआम्हां दचकणाऱ्यांना पावो. घरातल्या कुणाची पावलं गार न पडोत, कुणाच्या घासात कणी न राहो. ही साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरी पुरती शिजली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.