कुंडातला गाळ

साल नीट आठवत नाही, सुभेदारांचं नावही चुकत असेल. पण तुळजाक्का गुरवीण काय म्हणाली, ते गाव विसरलेलं नाही. देवळाच्या कुंडात धुतलेलं पाप गाळ होऊन तळाशी बसतं, अशी श्रद्धा. दर शिवरात्रीला सगळं गाव मिळून तो उपसायचं.

सुभेदार जिवाजीराव म्हणाले, "कुंडाला दार बसवा. यापुढे इथे आम्ही एकटेच स्नान करणार."

गावाचं तीर्थ जाणार होतं. तरी तुळजाक्का हात जोडून म्हणाली, "जशी आज्ञा, सरकार. मग पुढच्या शिवरात्रीला जेवढा गाळ निघेल, तेवढा सगळा आपल्या एकट्याचा. गाव काठावर उभं राहून बघेल!"

सुभेदारांनी सुतार परत पाठवला.

पुढे कित्येक वर्षांनी मी चौकशी केली तेव्हा खात्री पटली: त्यांचे वंशज अजून तिथे स्नानाला येतात, पण गर्दीच्या दिवशीच.